स्टुडबेकरचा राखण्या

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला गाडी दाखवली.

मी पालघर स्टेशनात उतरून, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात वळकटी घेऊन, पत्ता विचारत विचारत तिथवर पोचले होते. पाय दुखत होते, तहान लागली होती. घरमालक काका मात्र मला ओसरीवर बसायलाही न सांगता थेट अंगणातल्या शेडकडे घेऊन गेले, गाडीवरची गोधडी बाजूला केली आणि म्हणाले, "बाय, दार उघड आनि बंद कर."

मी उघडलं, बंद केलं. आवाज न करता, कारण मी नर्स होते आणि वॉर्डातली दारं आपटायची नसतात. काकांचा चेहरा उजळला. "खोली तुजी," ते म्हणाले. माझं नाव, गाव, जात, नवरा कुठे आहे, एकटी का राहणार, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसांत, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत, नवऱ्याचं घर सोडून आलेल्या बाईला खोली मिळवताना हे सगळे प्रश्न दारातच झेलावे लागत. मी पाच घरांमधून ते झेलून आले होते. दार नीट लावता येतं एवढ्या पात्रतेवर मला घर देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

काका मूळचे किनाऱ्यावरच्या गावातले, पानमळा आणि केळीची वाडी असलेले. वाडी धाकट्या भावाकडे सोपवून ते पालघरात घर बांधून राहिले होते, आणि त्याचं खरं कारण काकी मला पहिल्याच आठवड्यात सांगून मोकळ्या झाल्या. "गावातला रस्ता बारीक. ही भवानी वळत नव्हती." ही भवानी म्हणजे ती स्टुडबेकर. लांबलचक, फिकट हिरवी, आणि पुढे मधोमध विमानाला असावं तसं टोकदार नाक. डहाणूच्या बाजूच्या एका चिकूवाल्या पारशी बागायतदाराकडे काका तरुणपणी कलमांची कामं करायचे. तो म्हातारा देश सोडून मुलांकडे निघाला, तेव्हा त्याने आपल्या सगळ्या ओळखीपाळखीच्या लोकांना बोलावून एकच प्रश्न विचारला, की ही गाडी घेऊन तुम्ही काय करणार? कुणी म्हणालं विकू, कुणी म्हणालं भाड्याने लावू. काका म्हणाले, धुवीन. गाडी काकांना मिळाली.

गाडीबरोबर म्हाताऱ्याने त्यांना तिच्या कंपनीचा इतिहासही दिला होता, आणि काका तो स्वतःच्या कुळाचा असल्यासारखा सांगत. पाच भाऊ. बाप लोहार, गाडे घडवणारा. मधला भाऊ सोनं शोधायला म्हणून लांब मुलखात गेला, तिथे सोनं उकरणाऱ्यांना माती वाहायला हातगाड्या करून देत बसला, आणि सोनं उकरणाऱ्यांपेक्षा जास्त कमवून घरी आला. मग भावांनी घोडागाड्या बनवल्या, त्या अमेरिकाभर गेल्या, मग मोटारी बनवल्या. "बग बाय," काका इथे बोट वर करत, "घोडे गेले तरी हे लोक नाय गेले. इतर गाड्या कारखान्यात झाल्या. ही गाडेवाल्याच्या घरात झाली." आणि शेवटी आवाज खाली आणून, घरातलं माणूस गेल्यासारखं सांगत, "मग बंद पडली कंपनी. सासष्टच्या सुमारास. पाठी कोन नाय राहिलं."

पाठीमागे कोणी राहिलं नाही, ही गोष्ट काकांनी अगदी शब्दशः घेतली होती. सर्वपित्री अमावास्येला घरच्या पितरांचं पान ठेवून झालं की ते आणखी एक पान वाढून घेत आणि शेडच्या दाराशी नेऊन ठेवत. त्या पाच भावांसाठी. पहिल्या वर्षी मी ते पाहिलं आणि हसू दाबता दाबता मला ठसका लागला.

"परदेशातले ते," काकी ओट्यावरून ओरडल्या, "त्यांना वालाचं बिरडं रुचेल काय?"

"गाडे वाहनारी मान्सं ती. रानोमाळ फिरलेली. सगलं खातात."

कावळा आला आणि त्याने आधी शेडजवळच्या पानाला चोच लावली. काका दिवसभर त्या आनंदात होते आणि काकी दिवसभर गप्प.

त्यांच्या नियमांची यादी मला कधीच पूर्ण पाठ झाली नाही. गाडीला 'जुनी' म्हणायचं नाही, 'वयस्क' म्हणायचं. 'बंद पडली' म्हणायचं नाही, 'बसली' म्हणायचं. घरावरची कौलं फुटली होती, माझ्या खोलीत दोन जागी पातेली ठेवावी लागत; पण नवी कौलं आली ती आधी शेडवर चढली. हॉर्न ते सहसा वाजवत नसत. रस्त्यात म्हैस बसली असेल तर खाली उतरून तिला समजावून सांगत. आणि मासे गाडीत न्यायचे नाहीत. घरात दोन्ही वेळेला मासळी, पण गाडीत नाही.

हा नियम एका सातपाटीच्या कोळीण मावशीने मोडला. एस.टी. वाटेत बिघडली होती, मावशी सुक्या बोंबलाची टोपली घेऊन रस्त्याच्या कडेने चालत होती. चालणाऱ्या बाईला मागे टाकून जायचं नाही हाही काकांचा नियमच. त्यांनी गाडी थांबवली. मी पुढच्या सीटवर होते.

"तू बस," काका म्हणाले, "टोपली नको."

मावशीने कमरेवर हात ठेवला. "टोपली नाय तं मी कशाला बसू? बाजारात जाऊन मी मला इकू काय?"

टोपली मावशीच्या मांडीवर बसून पालघरच्या बाजारात पोचली. उतरताना मावशीने गाडीच्या नाकावर थोपटून सांगितलं, "थोबाड घोळ माशावानी हाय, पन चाल चांगली हाय." पुढे चार महिने गाडीला बोंबलाचा वास येत होता आणि काका लिंबाच्या फोडी घेऊन सीट पुसत होते. पण मावशीचं ते वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने ऐकवायचे.

कंपनीच बंद पडल्यावर सुटे भाग कुठून येणार? काकांना ते यायचे बोईसरहून. तिथल्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा एक उत्तरेकडचा टर्नर जवळच्या सालवड गावात राहायचा. रविवारी तो सायकलवरून येई, मोडलेला भाग हातात फिरवून बघे, आणि पुढच्या रविवारी तसाच नवा करून आणी. "चाचा, इसका नाप तो मिल गया, पर ये लोहा अब नहीं मिलता," असं तो दर वेळी म्हणे, आणि दर वेळी करून आणी. तारापूरच्या अणुकेंद्राच्या वसाहतीतले एक इंजिनिअर एकदा गाडी बघायला आले होते आणि चांगल्या मनाने म्हणाले, "यात डिझेल इंजिन बसवून टाका, त्रास संपेल." त्यानंतर काका त्यांच्याशी दोन वर्षं बोलले नाहीत.

पण या गाडीतली काकांची सगळ्यात आवडती गोष्ट दिसणारी नव्हती. ती खाली, ब्रेकच्या नळीवर बसवलेली होती. एक ओतीव डबी, तिच्या पोटात एक गोटी, आणि डबीपासून क्लचपर्यंत गेलेली एक दांडी. चढावर गाडी थांबवली आणि क्लच दाबून ठेवला, की ती गोटी मागे घरंगळून ब्रेकचं तेल अडवून धरायची. ब्रेकवरचा पाय काढला तरी गाडी मागे यायची नाही. क्लच सोडला की सुटायची. काका तिला राखण्या म्हणत, शेतावरच्या राखण्यासारखा.

पाहुणा आला की त्याला मनोरच्या रस्त्याला वाघोबाच्या घाटात नेऊन राखण्या दाखवणं हा ठरलेला कार्यक्रम असे. ऐन चढावर काका गाडी थांबवत, ब्रेकवरचा पाय काढून पाहुण्याला दाखवत, दोन्ही हात वर करत, आणि डाव्या पायाने क्लच दाबून धरलेल्या अवस्थेत थर्मासमधला चहा पीत. "अख्ख्या हिंदुस्थानात दुसरी गाडी नाय जी मालकाला चढावर चहा पिऊ देते." त्यांच्या गाडीला हँडब्रेक होता, पण त्याची वायर किती वर्षांपासून सैल होती ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. गरजच पडली नव्हती.

मी तेव्हा एका धर्मादाय दवाखान्याच्या फिरत्या पथकात होते. जीप रोज आत, डोंगराकडच्या पाड्यांवर जायची. डॉक्टर, मी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरला बोईसरच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि तो दोन महिन्यांत जाणार असं ठरलं. डॉक्टरांनी मला बोलावून सरळ सांगितलं. ट्रस्टकडे आता दोन माणसं ठेवण्याची ऐपत नाही. जीप चालवू शकणारी नर्स हवी. "तुम्ही शिकलात तर तुम्हीच. नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

नोकरी गेली तर मला घाटावर भावाच्या दारात परत जावं लागणार होतं. भाऊ वाईट नव्हता. पण मी निघाले तेव्हा वहिनीने माझ्या ताटातली भाकरी उचलून मुलापुढे ठेवली होती, आणि पुन्हा त्या दारात पाय ठेवायचा नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. मी त्या संध्याकाळी खोलीत बसून खूप रडले. भिंत पातळ होती. सकाळी काकांनी शेडचं दार उघडलं आणि हाक मारली, "बाय, चल. शिकवतो."

काकांकडे आल्यापासून त्या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. त्यांच्या सख्ख्या भावाचाही नाही.

काका शिकवायचे तेव्हा ओरडत नसत, माझं चुकलं की गाडीची माफी मागत. "नवी हाय ती, सांभाल," असं डॅशबोर्डला सांगत. केळव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या कडक वाळूत मी गिअर शिकले, बाजारात वळणं शिकले, आणि घाटात चढावर थांबून पुन्हा निघायला शिकले. ते तर मला इतकं सोपं वाटलं की लोक त्याला का घाबरतात ते कळेना. क्लच दाबून ठेवायचा, पाय काढायचा, मग निघायचं. दवाखान्याचा ड्रायव्हर मला जीपला फारसा हात लावू देत नव्हता. मैदानात दोन फेऱ्या मारू दिल्या तेवढंच. पण मी निर्धास्त होते.

परवान्याची परीक्षा पालघरात आरटीओचा कॅम्प लागला तेव्हा होती, दवाखान्याच्या जीपवर. परीक्षा घेणारे साहेब शेजारी बसले. मी रस्ताभर छान चालवली. घाटाच्या पायथ्याशी पहिल्या चढावर ते म्हणाले, "थांबवा, आणि पुन्हा काढा." मी थांबवली. क्लच दाबून ठेवला आणि ऐटीत ब्रेकवरचा पाय काढला.

जीप मागे निघाली. मी जे शिकले होते तेच केलं, क्लच आणखी जोरात दाबला. जीप आणखी जोरात मागे निघाली. साहेब "ब्रेक! ब्रेक!" म्हणत होते आणि मी सगळ्या ताकदीनिशी क्लच तुडवत होते. मागून गवताच्या भाऱ्यांनी लादलेली बैलगाडी येत होती. गाडीवानाने बैल शहाणपणाने आडवे घातले आणि आम्ही पाठमोरे त्या गवतात जाऊन रुतलो. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. साहेबांच्या केसांतून गवताच्या काड्या निघत होत्या.

"बाई," ते काड्या काढत म्हणाले, "गाडीला ब्रेक असतो."

"साहेब, जीप बिघडलीय," मी पूर्ण खात्रीने म्हणाले. "हिचा राखण्या गेलाय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर नापास लिहिलं. पुढचा कॅम्प महिन्याने होता. ड्रायव्हर जायला पाच आठवडे उरले होते.

घरी आले तेव्हा काका शेडसमोर वाट बघत उभे होते. मी त्यांना जे बोलले ते आठवलं की अजूनही माझे कान गरम होतात. "तुमच्या त्या लाडक्या गाडीने माझी नोकरी घालवली. जगातल्या कुठल्याही गाडीत नाही ते हिच्यात आहे, आणि तुम्ही मला तेच शिकवलंत!" काकी दारात आल्या होत्या. काकांनी गाडीवर गोधडी घातली आणि ते आत गेले. रात्री जेवले नाहीत असं काकींनी मला सकाळी सांगितलं. मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार.

रविवारी सालवडहून टर्नर आला. दोघे गाडीखाली शिरले. मी खिडकीतून त्यांचे चार पाय बघत होते. राखण्याच्या दांडीची खीळ गंजून डबीशी एकजीव झाली होती, ती सुटेना.

"चाचा, ठोकूँगा तो डिब्बी फटेगी," टर्नर म्हणाला. "बीड का है. फटा तो मुझसे नहीं बनेगा. किसी से नहीं बनेगा."

बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे मला माहीत होतं.

"ठोक," काका म्हणाले.

मी धावत बाहेर आले. "काका, नको! राहू द्या, मी दुसरीकडे शिकेन." गाडीखालून त्यांचा आवाज आला, "दुसरीकडं कुठं? तुला दुसरं कोन हाय काय हितं?" आणि मग हातोड्याचे तीन आवाज झाले. तिसऱ्याला डबी तडकली. टर्नरने ती बाहेर काढली, ब्रेकची नळी सरळ जोडली, आणि हँडब्रेकची वायर आवळून दिली. ती तडकलेली डबी हातात घेऊन काका पायरीवर बसले, आणि मी त्यांच्या शेजारी बसले.

पुढचा महिनाभर जे झालं ते गमतीचं होतं. कारण काकांनाच येत नव्हतं. जन्मभर राखण्याच्या जिवावर घाट चढलेला माणूस तो. क्लच आणि हँडब्रेकचा मेळ घालून चढावरून गाडी कशी काढायची, हे त्यांनाही माझ्याइतकंच ठाऊक नव्हतं. साठी उलटलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी गाडी बारा हात मागे आणली आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून "माफ कर गं!" म्हणाले. मला नाही, गाडीला. मग काकी आल्या. पदर खोचून, हातात मोठा दगड घेऊन त्या गाडीमागून घाट चालायच्या. गाडी मागे यायला लागली की चाकाखाली दगड सरकवायच्या. एक फेरी माझी, एक काकांची. "आता हिचा नंबर! आता तुमचा!" असं त्या खालून ओरडत असत. घाटातल्या वाघोबाच्या देवळात नारळ द्यायला आलेले लोक नारळ हातात धरून तसेच बघत राहायचे.

मला काकांच्या आधी जमलं. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी काका खाली उतरून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक. आता मला शिकव." आणि मी, जिला महिन्यापूर्वी त्यांनी बोट धरून शिकवलं होतं, ती त्यांना सांगत होते, "काका, घाई नको. आधी गाडी पुढे ओढायला लागल्याचं पायाला कळू दे, मग हँडब्रेक सोडा." ते शाळेतल्या मुलासारखी मान हलवत होते. मोठेपणा असा सोडून देणं मला पुढे कधी कुणात दिसलं नाही, माझ्यात तर नाहीच.

दुसऱ्या कॅम्पला साहेब तेच होते. चढ आला तसे त्यांनी समोरच्या दांड्याला दोन्ही हातांनी धरलं. जीप तसूभरही मागे गेली नाही. नोकरी राहिली, खोली राहिली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मुंबईहून एक गृहस्थ आले. जुन्या परदेशी गाड्यांचे खरे जाणकार. त्यांनी गाडीच्या नाकावरून हात फिरवला आणि पाच भावांची गोष्ट स्वतःहून सांगायला सुरुवात केली. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट आधीपासून माहीत असलेलं माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होतं. दोघे एकमेकांना मधे तोडून तीच गोष्ट सांगत राहिले. मग अर्थातच घाटात जायचं ठरलं. मी मागच्या सीटवर होते.

ऐन चढावर पाहुणे म्हणाले, "थांबवा. आता ते दाखवा. ते क्लचवर धरून ठेवणारं यंत्र. चालू स्थितीतलं मी अजून पाहिलेलं नाही."

काकांनी गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"ते नाय आता. काढलं."

"काढलं?" पाहुण्यांना खरंच दुःख झालं. "अहो, तीच तर हिची ओळख! असं अस्सल राहिलेलं एखादंच... ते कोणी काढतं का?"

मला वाटलं, दार उघडून खाली उतरावं आणि चालत घरी जावं. ज्या एका माणसाने त्यांच्या गाडीचं मोल जाणलं असतं, त्याच्यासमोर काकांना माझ्यापायी खाली बघावं लागत होतं. पण काका खाली बघत नव्हते. ते मागे वळले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"काढलं म्हंजे फेकलं नाय, सायब. ही आमची बाय. रोज डोंगरातल्या पाड्यावर दवाखान्याची जीप नेते. राखण्या आता हिच्या पायात हाय."

पाहुणे वळून माझ्याकडे बघत राहिले. काकांनी सावकाश क्लच सोडला, मग हँडब्रेक, आणि गाडी घाट चढू लागली. मी मागे बसून रडत होते, आणि त्या रडण्याची मला आजही लाज वाटत नाही.

निवृत्त होईपर्यंत मी दवाखान्याच्या तीन जीपा चालवल्या. पावसात, चिखलात, मागे तापाने फणफणलेली पोरं आणि अडलेल्या बाया घेऊन. चढावर थांबावं लागलं नाही असा दिवस गेला नसेल. माझी जीप मागे कधीच आली नाही.